लिंक राहिली, पान गेलं: नेट नसताना वाचायला मोबाइलवर लेख कसे साठवता?

मासुंदा · सोमवार, रात्री १०.०५

नमस्कार मंडळी. अडचण जरा सविस्तर मांडते, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना सोपं जाईल.

मी ठाणे पूर्वेला कोपरीत राहते आणि वाशीच्या एका रुग्णालयात लॅब टेक्निशियन आहे. लॅब तळघरात आहे. आत शिरलं की फोनची रेंज जाते, ती संध्याकाळी वर आल्यावरच परत येते. डबा खाताना वाचायची मला शाळेपासूनची सवय. शिवाय ट्रान्स हार्बरच्या लोकलला बसायला जागा मिळाली की वाशीपर्यंत अर्धा तास हातात असतो. त्यामुळे रात्री भांडी आवरली की दुसऱ्या दिवशीचे लेख शोधायचे आणि व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच लिंक पाठवून ठेवायची, असं चार वर्षं चाललंय. गाडीत ती लिंक उघडते आणि टॅब तसाच ठेवून खाली जाते. कधी पान टिकतं, कधी डबा उघडून फोन हातात घ्यावा तर पान कोरं.

एवढं मी चालवून घेत होते. शनिवारी जे झालं ते मात्र मनाला लागलं.

जांभळी नाक्याला भाजीला गेले होते. पहिला पाऊस झालाय, त्यामुळे येऊरकडच्या बायका शेवळं, म्हणजे पहिल्या पावसातली रानभाजी, घेऊन बसल्या होत्या. आमच्याकडे शेवळं सासूबाई आणायच्या, निवडायच्याही त्याच. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. त्यानंतर एका ब्लॉगवर मला शेवळांवरचा लेख सापडला होता आणि त्यातली पद्धत हुबेहूब सासूबाईंची होती. वरचं पान कुठपर्यंत सोलायचं, आतला पिवळा भाग कुठून कापायचा, काकडं (शेवळांत घालायची आंबट रानफळं) किती घ्यायची, सगळं फोटोंसकट. वाचताना मला त्यांचे हात दिसले होते. लगेच लिंक पाठवून ठेवली. शनिवारी जुडी हातात धरून ती उघडली, तर लेख नाही, फोटो नाहीत, अख्खा ब्लॉगच नाही. भाजीवाल्या मावशींनी काकडं बरोबर बांधून दिली आणि ‘पिवळं काढून टाक गं, नायतर घसा खाजंल’ एवढं सांगितलं, त्या आधारावर भाजी केली. वाईट झाली नाही. पण ती पद्धत माझ्याजवळ आहे असं मी दोन वर्षं धरून चालले होते, आणि ती नव्हती.

रात्री बसून जुन्या लिंका एकेक करून उघडल्या. बऱ्याच उघडल्याच नाहीत.

तर मला पान नेट नसताना उघडेल असं साठवायचं आहे, फोटोंसकट, आणि फोन बदलला तरी ते राहिलं पाहिजे. माझा फोन साधा अँड्रॉइड आहे. जे स्वतः वापरता तेच सांगा. आणि तो गेलेला लेख परत मिळवायची काही वाट असेल तर तीही.

घोडबंदर_रोड · सोमवार, रात्री १०.२२

मी सरळ स्क्रीनशॉट काढतो. लांब पान असेल तर खाली सरकत जाणारा स्क्रीनशॉट हल्ली बहुतेक फोनमध्ये येतो. गॅलरीत ‘लेख’ नावाचा अल्बम केला आहे. वेगळं अ‍ॅप नको, काही शिकायला नको, आणि फोटोंचा बॅकअप आपोआप होतो.

सेक्टर_सतरा · सोमवार, रात्री ११.१०

मासुंदाताई, मी महापेला एका कंपनीत सपोर्टला आहे. लोकांचे फोन आणि लॅपटॉप बदलताना काय हरवतं ते रोज बघतो, म्हणून जरा पाल्हाळ लावतो.

तुमच्या फोनमधल्या क्रोममध्ये ही सोय आधीपासून आहे. पान उघडा, वर कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर बोट ठेवा. जी यादी उघडते तिच्या अगदी वरच्या ओळीत चार-पाच चिन्हं असतात, त्यात खाली तोंड केलेला बाण आहे. तो दाबला की पान फोनमध्ये उतरतं. नंतर त्याच तीन टिंबांत ‘डाउनलोड’ उघडलं की पान तिथे हजर, नेट असो वा नसो. एखाद्या पानात दुसऱ्या लेखाची लिंक असेल तर ती दाबून धरा, ‘लिंक डाउनलोड करा’ असा पर्याय येतो. लेख न उघडताही उतरतो.

आता खरी गोम. बाण दाबायच्या आधी पान अगदी तळापर्यंत सरकवत न्या, घाई न करता. हल्लीची पानं सगळे फोटो एकदम आणत नाहीत. तुम्ही जसजसं खाली जाता तसतसा एकेक फोटो मागवला जातो. तुमचा डेटा वाचावा आणि पान पटकन उघडावं म्हणून साइटवाल्यांनीच तशी रचना केलेली असते. वरच्या वर बाण दाबलात तर खालचे फोटो आलेलेच नसतात, त्यांच्या जागी राखाडी चौकोन साठवले जातात. ‘पुढे वाचा’ असं बटण असेल तर तेही आधी दाबून घ्या. लिंक दाबून धरून उतरवलेल्या पानात फोटो गाळले जाण्याचं कारणही हेच, त्यामुळे ज्यात फोटो महत्त्वाचे आहेत तो लेख उघडूनच साठवा.

आणि तुमचा गाडीतला टॅब कोरा का होतो? मेमरी कमी पडली की फोन मागे उघडे असलेले टॅब सोडून देतो आणि तुम्ही परत आलात की पान नेटवरून नव्याने मागवतो. तळघरात नेट नाही, म्हणजे पान नाही. उघडा टॅब ही साठवण धरू नका.

साठवलं की लगेच विमान मोड लावून उघडून बघायचं. हे मी कार्यालयात प्रत्येकाला सांगतो. तळघरात गेल्यावर कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं.

कानानं_वाचतो · मंगळवार, सकाळी ७.४८

घोडबंदर_रोड, तुमच्या पद्धतीला माझी हरकत आहे. रागाने नाही, अनुभवाने लिहितो.

मला दिसत नाही. फोन मी टॉकबॅक लावून, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय चालू करून, ऐकतो. कोपरखैरणे ते ठाणे रोजचा प्रवास, त्यात कानाला एक इअरफोन, दुसरा कान स्थानकाच्या घोषणेला मोकळा. स्क्रीनशॉट माझ्या दृष्टीने एक चित्र असतं. टॉकबॅक ‘प्रतिमा’ म्हणतो आणि थांबतो. चित्रातली अक्षरं ओळखणारी अ‍ॅप आहेत, पण मराठीच्या लांब लेखावर चालवली की मध्येच ओळ तुटते, बाजूची जाहिरात वाक्यात घुसते. मित्र आपुलकीने वर्तमानपत्राची कात्रणं फोटो काढून पाठवतात, तेव्हा प्रत्येकाला हेच सांगावं लागतं की मजकूर पाठव रे.

पीडीएफचंही सांगतो, कारण आता कोणीतरी तो सुचवेलच. मराठी पीडीएफमध्ये अक्षरं दिसायला सुबक असतात, पण आतला मजकूर कित्येकदा विस्कटलेला असतो. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनाच्या नंतर येते आणि कागदावर आधी काढली जाते. रफार उच्चारात आधी आणि कागदावर पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. पीडीएफ बनताना ती चिन्हं जशी काढली तशीच नोंदली गेली की मग ऐकताना ‘किती’ची वेलांटी सुटी पडते आणि ‘सूर्य’मधला र भलत्याच जागी ऐकू येतो. अशा फाइलमधून एक परिच्छेद कॉपी करून बघा, तुम्हालाही दिसेल.

वेबपान वेबपान म्हणूनच साठवलं तर मथळे मथळे राहतात, परिच्छेद परिच्छेद राहतात. मी एका मथळ्यावरून पुढच्यावर उडी मारू शकतो. फायरफॉक्समध्ये रीडर व्ह्यू लावला की जाहिराती गळतात आणि नुसता लेख उरतो. ऐकायला त्याहून चांगलं काही नाही.

घोडबंदर_रोड · मंगळवार, सकाळी ९.१५

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मनापासून आभार. तुमचं वाचून गॅलरी उघडली. आठशेच्या वर स्क्रीनशॉट आहेत आणि त्यात मला एक ठरावीक लेख शोधायचा म्हटला तर डोळ्यांनी एकेक बघत बसावं लागेल. आजपासून मजकूर साठवतो.

आयफोन_नेरूळ · मंगळवार, दुपारी १२.३०

आयफोनवाल्यांसाठी: सफारीत शेअरच्या चिन्हातून ‘वाचन सूची’त लेख टाकता येतो, पण नुसता टाकला तर लिंकच राहते. सेटिंगमध्ये सफारीच्या खाली वाचन सूची ऑफलाइन आपोआप साठवा असा खटका आहे, तो चालू करायचा. माझा वर्षभर बंद होता आणि मला वाटायचं सगळं साठतंय.

पारसिक · मंगळवार, रात्री ८.४०

२०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू होईपर्यंत आमच्या फास्ट लोकल पारसिक बोगद्यातून जायच्या. १९१६ चा बोगदा, लांबी सव्वा किलोमीटरच्या वर, आत शिरलं की फोन मुका. नेटशिवाय वाचायची सवय मला त्या बोगद्याने लावली. आता लोकल बाहेरून जातात, सवय राहिली.

इतक्या वर्षांत ‘नंतर वाचा’वाली जवळपास सगळी अ‍ॅप वापरून झाली, म्हणून त्यांच्याबद्दल लिहितो. पॉकेट २००७ मध्ये ‘रीड इट लेटर’ या नावाने सुरू झालं, २०१२ मध्ये पॉकेट झालं, २०१७ मध्ये मोझिलाने विकत घेतलं आणि ८ जुलै २०२५ ला बंद केलं. ज्यांनी वेळेत आपली यादी उतरवून घेतली त्यांना मथळे आणि लिंका मिळाल्या, लेखांचा मजकूर त्यात नव्हता. ऑम्निव्होर नावाचं एक चांगलं मुक्त स्रोत (ज्याचा कोड कुणालाही बघता, वापरता येतो असं) अ‍ॅप होतं, तेही २०२४ च्या नोव्हेंबरात आवरलं. इन्स्टापेपर २००८ पासून आहे आणि अजून चालू आहे. वॅलबॅग मुक्त स्रोत आहे, स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतं, पण त्याला हात चालणारा माणूस लागतो.

ही अ‍ॅप मी वाईट म्हणत नाही. मांडणी सुंदर असते, अक्षर मोठं करता येतं, फोनवर आणि टॅबवर एकच यादी दिसते. पण त्यांचं काम कसं चालतं ते माहीत हवं. तुम्ही लिंक दिली की बहुतेक वेळा त्यांचा सर्व्हर स्वतः ते पान आणायला जातो, तुमचा फोन नव्हे. त्यामुळे जे पान तुम्हाला लॉगइन करून दिसतं ते त्या सर्व्हरला दिसत नाही. वर्गणी भरून वाचता ते लेख, सभासदांपुरतं दिसणारं लिखाण, यांची पहिली दोन वाक्यंच साठतात. क्रोमचा बाण मात्र तुमच्या डोळ्यासमोर जे आहे तेच उतरवतो.

मी आता अ‍ॅप ताजं वाचायला वापरतो. वाचून झाल्यावर जो लेख जपावासा वाटतो, त्याची फाइल वेगळी करतो.

जुनी_पानं · मंगळवार, रात्री ९.५५

धागा वाचून राहवलं नाही. मी ७१ वर्षांचा आहे, नौपाड्यात राहतो.

२००१-०२ च्या सुमारास कार्यालयातल्या संगणकावर ठाण्याच्या तलावांवरची एक मराठी लेखमाला मी पानापानाने साठवली होती. फ्लॉपीवरून सीडीवर, सीडीवरून नव्या संगणकावर, असं जपत आणलं. एकही फाइल हरवली नाही. सात-आठ वर्षांपूर्वी नातवाला दाखवायला उघडली तर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता सडा. एक शब्द मराठी नाही.

कारण असं. तेव्हा मराठी साइट युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, नसत. प्रत्येकाचा आपला फॉन्ट. फाइलमध्ये प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक असत आणि फॉन्ट त्या क्रमांकाच्या जागी देवनागरीचा तुकडा काढून दाखवत असे. कुठे अर्धा ‘क’, कुठे नुसता काना. साइट उघडली की तो फॉन्ट आपोआप यायचा, म्हणून आम्हाला काही जाणवत नसे. पण असा फॉन्ट त्या साइटच्या पत्त्याशी बांधता येत असे, म्हणजे पान तुमच्या संगणकावर उतरलं की फॉन्ट काम करायचं नाकारणार. साइटने पुढे रूप बदललं, फॉन्टही गेला. माझ्याकडे कुलूप राहिलं, किल्ली गेली.

नातवाने फाइलचा मूळ कोड उघडला. त्यात फॉन्टचं नाव लिहिलेलं सापडलं. त्या फॉन्टवरून युनिकोडमध्ये नेणारा कन्व्हर्टर मिळाला. पण अर्धा र आणि रफार यांची गल्लत होतीच, मग मी मूळ अर्थ लावत एकेक ओळ सुधारत बसलो. तीन लेखांना आठवडा लागला. मासुंदा तलावावरचा लेख त्यातच होता, त्यामुळे तुमचं टोपणनाव पाहून बरं वाटलं.

दोन लेख कन्व्हर्टरलाही दाद देईनात. ते शेवटी मराठी ग्रंथसंग्रहालयात बसून छापील अंकांवरून हाताने उतरवले. १८९३ ची संस्था आहे आपली. तिथल्या कागदाला फॉन्ट लागला नाही.

आज सगळं युनिकोडमध्ये आहे, तेव्हा माझ्यासारखी वेळ तुमच्यावर येणार नाही. तरीसुद्धा फाइल कोणत्या प्रकारची आहे आणि ती दुसऱ्या कशात उघडते का, एवढं जरूर बघा.

सेक्टर_सतरा · मंगळवार, रात्री ११.३०

काका, दंडवत. तुमचं वाचून मी काल अर्धवट सोडलेला मुद्दा पूर्ण करतो.

क्रोम अँड्रॉइडवर पान साठवतो ते एमएचटीएमएल प्रकारात. मजकूर, फोटो, मांडणी, सगळं एकाच फाइलीत. हे प्रमाण १९९९ चं आहे आणि ते ईमेलच्या साच्यावर बेतलेलं आहे, जणू पान म्हणजे पत्र आणि फोटो म्हणजे त्याला जोडलेल्या पुरवण्या. ईमेलचे जुने नियम फक्त साध्या इंग्रजी चिन्हांना ओळखायचे, म्हणून मराठी मजकूर त्या चिन्हांत बदलून लिहावा लागतो. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट घेतं. इथे त्यातला प्रत्येक बाइट ३ चिन्हांनी लिहिला जातो. म्हणजे एकटा ‘क’ झाला ९ चिन्हांचा. ‘शेवळं’ या शब्दात श, मात्रा, व, ळ आणि अनुस्वार अशी पाच चिन्हं, त्याची झाली ४५.

वाचताना याचा त्रास नाही, क्रोम उलटं रूपांतर करून नीट दाखवतो. त्रास होतो शोधताना. तुम्ही पाचशे लेख साठवलेत आणि फाइलींच्या आतल्या मजकुरात ‘शेवळं’ शोधलंत तर साध्या शोधाला काही सापडणार नाही, कारण फाइलीत तो शब्द त्या रूपात नाहीच. दुसरं, ही फाइल आयफोनच्या सफारीत उघडत नाही.

म्हणून जपायच्या लेखांसाठी मी फायरफॉक्स वापरतो, त्यात सिंगलफाइल नावाचं, ब्राउझरला वरून जोडायचं, अ‍ॅड-ऑन टाकून. २०२३ च्या डिसेंबरपासून अँड्रॉइडवरच्या फायरफॉक्सला अ‍ॅड-ऑनचं दार मोकळं झालं आहे. सिंगलफाइल पान साध्या एचटीएमएल फाइलीत साठवतं, फोटो त्याच्या पोटातच. फोटो अक्षरांच्या रूपात भरल्यामुळे त्यांचा आकार साधारण एक तृतीयांशाने वाढतो, पण मराठी मजकूर मराठीच राहतो. ही फाइल कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडते, आणि काका, पंधरा वर्षांनी नातवाच्या मुलालाही उघडता येईल असा माझा विश्वास आहे.

फाइलीचं नाव मात्र स्वतः द्या. मी आधी तारीख, मग विषय, मग लेखकाचं नाव लिहितो.

सीवूड्स_पश्चिम · बुधवार, सकाळी ८.२०

मुलीच्या प्रकल्पांसाठी मी किविक्स नावाचं अ‍ॅप वापरते. त्यात मराठी विकिपीडिया एकाच फाइलीत उतरवता येतो. फोटोंसकट किंवा फोटोंविना, फोनमधली जागा बघून निवडायचं. गावी रेंज नसते तिथे मुलगी आजोबांना त्यातून वाचून दाखवते. वाईच्या विश्वकोशाच्या नोंदी मात्र मी वेगवेगळी पानं म्हणूनच साठवते.

मासुंदा · बुधवार, रात्री ९.१०

तुम्ही सगळ्यांनी किती मनापासून लिहिलंत! आज काय केलं ते सांगते.

काल रात्री एक लेख नुसता बाण दाबून उतरवला. सेक्टर_सतरा, तुम्ही म्हणालात तसेच राखाडी चौकोन आले, सातपैकी पाच फोटो गायब. मग तोच लेख तळापर्यंत सावकाश नेला, एकेक फोटो उमटेपर्यंत थांबले, पुन्हा बाण दाबला. विमान मोड लावला. सातही आले. आज डबा खाताना लॅबमधल्या दोघींना दाखवलं, त्यांनीही लगेच फोन काढले. तळघरात तिघी आपापला लेख वाचत बसलो होतो.

सिंगलफाइलही टाकलं आहे, त्याची सवय व्हायला दोन दिवस लागतील. एक शंका आहे. अ‍ॅप काढून टाकलं किंवा फोन बिघडला तर हे सगळं जाईल ना?

सेक्टर_सतरा · बुधवार, रात्री ९.४५

अ‍ॅपच्या स्वतःच्या पोटात जे साठलेलं असतं ते अ‍ॅप काढलं की जातं. ‘डाउनलोड’ फोल्डरमधली फाइल राहते. म्हणून ‘फाइल्स’ अ‍ॅप उघडून फाइल तिथे डोळ्यांनी बघा आणि ‘वाचन’ असा फोल्डर करून त्यात हलवा. फोन बिघडण्यावर उपाय एकच, दुसरी प्रत. टाइप-सी पेनड्राइव्ह थेट फोनला लागतो. महिन्यातून एकदा फोल्डर त्यावर उतरवायचा.

लिहिते_मी · बुधवार, रात्री ११.०५

इतका वेळ गप्प राहून वाचत होते. मी दुसऱ्या बाजूची आहे, म्हणजे ब्लॉग लिहिणारी.

ताई, तुमचा तो ब्लॉग का गेला असेल ते मला ठाऊक नाही, पण माझा का गेला ते सांगते. माझ्या ब्लॉगचा स्वतंत्र पत्ता होता. त्याचं भाडं दरवर्षी भरावं लागतं. एका वर्षी घरात मोठं आजारपण निघालं, सहा महिने मी लॅपटॉप उघडला नाही. आठवणीच्या ईमेल न वाचता पडून राहिल्या. सावरून बघितलं तर पत्ता दुसऱ्या कोणीतरी घेतलेला आणि माझं लिखाण सर्व्हरवरून पुसलेलं. माझ्याकडे स्वतःची प्रत नव्हती. मी सरळ त्या खिडकीत लिहायचे आणि प्रकाशित करायचे.

मग एका वाचक बाईंचा ईमेल आला. त्यांनी माझे नऊ लेख साठवून ठेवले होते, खालच्या प्रतिसादांसकट. त्यातल्या एका लेखाखाली माझ्या वडिलांचा प्रतिसाद होता, आणि ते तोवर गेले होते. ती फाइल मी किती वेळा उघडली असेन!

त्यामुळे साठवा, जरूर साठवा. फक्त एक विनंती. साठवलेली फाइल पुढे ढकलू नका. माझा एक लेख नाव काढून टाकून व्हॉट्सअ‍ॅपवर इतका फिरला, की मीच तो चोरला असं मला कोणीतरी सुनावलं. ते अजून विसरता येत नाही.

पारसिक · गुरुवार, सकाळी ८.०५

लिहिते_मी, हे फार महत्त्वाचं आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ खाली खासगी वापरासाठी आणि अभ्यासासाठी केलेल्या वाजवी वापराला मोकळीक आहे. स्वतःला वाचायला प्रत ठेवणं त्यात बसतं. तीच प्रत शंभर जणांच्या ग्रुपवर टाकणं याला खासगी म्हणता येणार नाही. मूळ पान जिवंत असेल तर लिंक पाठवावी, लेखकाच्या पानावर माणसं जाऊ द्यावीत.

घोडबंदर_रोड · गुरुवार, सकाळी ९.३०

फाइलीच्या नावात लेखकाचं नाव घालायची सूचना म्हणूनच पटली. स्क्रीनशॉटमध्ये लेखकाचं नाव वरच्या वर कापलं जातं. माझ्या आठशेपैकी कितींचे लेखक मला आता सांगता येतील, शंकाच आहे.

जुनी_पानं · गुरुवार, सायंकाळी ६.१५

मासुंदाताई, त्या मेलेल्या ब्लॉगची लिंक तुमच्याकडे अजून आहे ना? ती मला व्यक्तिगत निरोपातून पाठवा. इंटरनेट अर्काइव्ह ही संस्था १९९६ पासून वेबपानांच्या प्रती जमवते आहे आणि तिचं वेबॅक मशीन २००१ पासून सर्वांना खुलं आहे. तिथे जुना पत्ता टाकला की त्या पत्त्याच्या निरनिराळ्या तारखांच्या प्रती दिसतात, असल्या तर. सगळ्यांच्या असतीलच असं नाही, पण बघायला काय हरकत आहे. म्हणून मेलेली लिंकसुद्धा पुसू नये. पत्ता हातात असला तर माणूस शोधता येतो.

मासुंदा · शुक्रवार, रात्री १०.२०

मिळाला!

काकांनी काल रात्री अकराला निरोप पाठवला. एकच प्रत होती, तीन वर्षांपूर्वीची. मजकूर पूर्ण आहे. पाच फोटोंपैकी तीन आले, दोन नाहीत. पिवळा भाग कापायचा फोटो नेमका गेलेल्या दोनांत आहे. पण प्रत्येक फोटोखाली लेखिकेने दोन-दोन ओळी लिहिल्या होत्या, त्या आहेत. ‘सुरी आडवी धरा, दाणे संपतात तिथून बोटभर वर’ असं लिहिलंय. सासूबाई बोटभरच म्हणायच्या.

रात्रीच सिंगलफाइलने साठवला, विमान मोड लावून बघितला, पेनड्राइव्हवर घेतला. लेखिकेचं नाव फाइलीच्या नावात घातलं. शिवाय वहीतही उतरवला, कारण ओट्याजवळ मला वहीच लागते. उद्या सकाळी लवकर जांभळी नाक्याला जाते. मावशी म्हणाल्या होत्या, शेवळं आणखी आठवडाभर येतील.

कानानं_वाचतो · शुक्रवार, रात्री ११.००

ताई, मलाही वाचायचा आहे. आई शेवळं करायची. फाइल नको, लिहिते_मींचं म्हणणं मला मान्य आहे. अर्काइव्हमधला तो पत्ताच इथे द्याल का?

मासुंदा · शुक्रवार, रात्री ११.०४

निरोपातून पाठवला आहे, दादा.

कानानं_वाचतो · शनिवार, सकाळी ७.५५

घणसोली ते ठाणे पूर्ण ऐकला. फोटो आला नसला तरी माझं काही अडलं नाही, खालच्या दोन ओळी मी तीनदा ऐकल्या. सुरी आडवी, दाणे संपतात तिथून बोटभर वर. ठाण्याला उतरून बायकोला फोन केला, काकडं घेऊन ठेव म्हणून.